पैसे भरणा-काढणा केंद्राची सरकारदरबारी नोंदणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझं छोटं काउंटर आहे. आधारवर पैसे काढून देणं, मनी ट्रान्सफर, लाइटबिल, रिचार्ज, अशी कामं चालतात. मी नवीन लोकांचे कागद लावून देतो हे कळल्यापासून फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. त्यातले जास्तीत जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती समजा. शॉप अ‍ॅक्ट आणि व्यवसाय कर राज्याराज्यांत वेगळे असतात.

१. मला पैसे भरण्या-काढण्याचं केंद्र सुरू करायचंय. रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो का?

नाही. दहातले सात फोन याच प्रश्नाचे असतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम ४ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय कुणालाही 'पेमेंट सिस्टिम' चालवता येत नाही. पण तुम्ही सिस्टिम चालवत नसता. ती चालवते बँक किंवा परवाना असलेली कंपनी, आणि तुम्ही त्यांच्या वतीने काउंटरवर बसता. परवाना त्यांचा, नेमणूक तुमची. बँकांना असे प्रतिनिधी नेमायची मुभा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये दिली. त्यालाच बिझनेस करस्पाँडंट, म्हणजे बीसी म्हणतात. पुढे किराणा दुकानदार आणि पीसीओवालेसुद्धा त्यात आले.

म्हणून तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे नेमणूकपत्र किंवा करार. तुमच्या डोक्यावर कोणती बँक आहे, मधली कंपनी कोणती आणि कोणत्या सेवांसाठी नेमलंय, हे त्यात लिहिलेलं असतं. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (छोट्या उद्योगांची केंद्र सरकारची नोंदणी), पॅन हे सगळं हातात असून नेमणूकपत्र नसेल, तर तुमचं फक्त दुकान आहे. एजन्सी नाही.

२. मग नेमकं कुठे कुठे नोंदवायचं? क्रमाने सांगा.

मी लोकांना हा क्रम सांगतो: पॅन (एकट्याचा धंदा असेल तर तुमचंच, वेगळं काढावं लागत नाही), जागेचा कागद (प्र. ७), शॉप अ‍ॅक्टची पावती (प्र. ३), उद्यम (प्र. ४), चालू खातं (प्र. ९), बीसीची परीक्षा आणि पोलिस पडताळणी (प्र. ६), मग करार. धंदा सुरू झाला की व्यवसाय कराची नावनोंदणी (प्र. १३). जीएसटी बहुतेकांना लागत नाही, पण प्र. १० ते १२ वाचल्याशिवाय तसं ठरवू नका.

बरेच जण उलट्या बाजूने जातात. आधी डिस्ट्रिब्युटरकडून (कंपनीसाठी एजंट जोडणारा माणूस) आयडी, म्हणजे कामाचं लॉगिन, घेतात, अंगठ्याचं मशीन घेतात, काम सुरू करतात आणि चार महिन्यांनी कागद मागितले की धावपळ करतात. आयडी आता तसा सहज चालू राहत नाही (प्र. २०).

३. शॉप अ‍ॅक्ट कसा काढायचा? त्याचं नूतनीकरण असतं का?

गुमास्ता म्हणा, शॉप अ‍ॅक्ट म्हणा, महाराष्ट्रात आता २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. १० पेक्षा कमी कामगार असतील तर 'नोंदणी' करायची नसते, फक्त धंदा सुरू केल्याची सूचना द्यायची असते. ती फॉर्म एफ मध्ये, ऑनलाइन, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. जी मिळते ती सूचनेची पावती. तिला मुदत नाही, त्यामुळे नूतनीकरणही नाही. सरकारी फी नाममात्र आहे. नाक्यावरचा माणूस जे पाचशे-हजार घेतो ते टायपिंगचे आणि चकरांचे.

अर्ज अडकतो तो फोटोवर. दुकानासमोर तुम्ही उभे आणि वर मराठी पाटी, असा फोटो मागतात. पाटी अजून आली नाही म्हणून एकाने ए-फोर कागदावर नाव छापून शटरला सेलोटेपने चिकटवलं आणि फोटो अपलोड केला. अर्ज परत आला. फ्लेक्स का होईना, पण आधी नीट पाटी लावा. पाटीचे नियम प्र. ८ मध्ये आहेत.

आधीपासून किराणा, झेरॉक्स किंवा मोबाइलचं दुकान असेल तर नवा शॉप अ‍ॅक्ट काढू नका. जुन्याच पावतीत व्यवसायाचं स्वरूप बदलून 'पैसे भरणा व काढणा सेवा' वाढवून घ्या. नुसत्या 'जनरल स्टोअर्स'च्या कागदावर काही बँका हरकत घेतात.

४. उद्यमसाठी एकाने १,५०० रुपये मागितले. फी किती आहे?

शून्य. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती मोफत असते आणि आधारवर ओटीपी येऊन पंधरा मिनिटांत होते. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं खूप आहेत, ती आधी पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघा.

व्यवसायाचा कोड निवडताना लोक गोंधळतात. आपलं काम '६६१९', म्हणजे आर्थिक सेवांना पूरक इतर कामं, या गटात बसतं. 'बँकिंग' निवडू नका. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी उलाढालीची आहे, त्यामुळे आपण सगळे सूक्ष्मच.

उद्यमने धंद्याला परवानगी मिळत नाही. ती फक्त ओळख आहे. कर्ज काढताना आणि चालू खातं उघडताना कामी येते.

५. सीएससी, आपले सरकार सेवा केंद्र आणि बँकेचा बीसी, हे एकच ना?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका काउंटरवर तिन्ही पाट्या दिसतात म्हणून घोळ होतो.

सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटर, ही केंद्राची योजना. त्यासाठी टीईसी नावाचं प्रमाणपत्र काढून अर्ज करावा लागतो. आपले सरकार सेवा केंद्र जिल्हाधिकारी कार्यालय देतं, तेही जाहिरात निघाली की, गावनिहाय जागा बघून. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला तिथे. बँकेचा बीसी बँक नेमते, थेट किंवा मधल्या कंपनीमार्फत. सीएससीवाल्याला त्यांच्या डिजिपे अ‍ॅपवरून आधारवर पैसे काढून देता येतात, पण म्हणून तो अमुक बँकेचं ग्राहक सेवा केंद्र होत नाही. तिथे खाती उघडायची असतील तर बँकेची वेगळी नेमणूक लागते.

गावात बचत गटातल्या बाई असतील तर त्यांना बीसी सखीची वाट आहे. ती 'उमेद' अभियानातून जाते. त्यांनी माझ्यासारख्याकडे येण्याआधी तालुक्याच्या उमेद कक्षात विचारावं.

६. परीक्षा द्यावीच लागते का? आणि पोलिस पडताळणी?

बँकेचा बीसी व्हायचं तर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची बीसी परीक्षा पास व्हावी लागते. नावाला घाबरू नका. पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात आणि अभ्यासक्रम म्हणजे खातं, केवायसी, कर्ज, तक्रार निवारण. दहावी झालेला माणूस पंधरा दिवस रोज तासभर वाचून पास होतो. नुसतं रिचार्ज आणि बिल भरायचं काम असेल तर ही परीक्षा लागत नाही.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला बँका मागतात. अर्ज ऑनलाइन असतो, नंतर पोलिस ठाण्यात बोलावणं येतं. आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं नसेल ('बाळासाहेब' एकीकडे, 'बाळू' दुसरीकडे) तर ते आधी दुरुस्त करा. सगळी साखळी तिथेच तुटते.

७. दुकान भाड्याचं आहे. नोटरी केलेला करार चालेल का? आणि घरातूनच सुरू केलं तर?

महाराष्ट्रात भाडेकरार नोंदणीकृतच हवा. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोटरीचा करार काही कंपन्या चालवून घेतात, बँक परत पाठवते. ११ महिन्यांचा ऑनलाइन नोंदवून घ्या.

घरातून करता येतं. घरपट्टीची पावती किंवा लाइटबिल वडिलांच्या नावे असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. गावात ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागितला जातो. फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटीला विचारून ठेवा. संध्याकाळी जिन्यात रांग लागली की तक्रार होतेच.

८. पाटीवर 'मिनी बँक' लिहू का? सगळे लिहितात.

सगळे लिहितात हे खरं आहे. तरी लिहू नका. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ७ प्रमाणे बँक नसलेल्या कुणालाही, अगदी एकट्या माणसालाही, धंद्याच्या नावात 'बँक', 'बँकिंग' असले शब्द वापरता येत नाहीत. बँकेने नेमलं असेल तर ती स्वतःच पाटीचा नमुना देते: 'ग्राहक सेवा केंद्र', खाली बँकेचं नाव. तोच लावा. नसेल तर 'पैसे भरणा व काढणा केंद्र' पुरेसं आहे, गिऱ्हाइकाला कळतं.

पाटी मराठीत, देवनागरीत हवी. सोबत इंग्रजी चालेल, पण मराठी अक्षरं आधी आणि इंग्रजीपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीपासून हे १० पेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू आहे.

९. बचत खात्यावर काम चालेल की चालू खातंच हवं?

चालू खातंच. बचत खात्यात वर्षभरात १० लाखांवर रोख जमा झाली की बँक ते आयकर खात्याला कळवते. चालू खात्यात ती मर्यादा ५० लाख आहे. आपल्या धंद्यात रोज चाळीस-पन्नास हजार फिरतात, म्हणजे बचत खात्यावर महिन्याभरातच तुमचं नाव यादीत जाईल.

दुसरी गोष्ट: घरचं खातं आणि केंद्राचं खातं वेगळं ठेवा. कारण प्र. १८ मध्ये.

१०. जीएसटी नंबर घ्यावा लागतो का? महिन्याला माझ्याकडून आठ-दहा लाख फिरतात.

फिरणारे पैसे तुमचे नाहीत. ते गिऱ्हाइकाचे किंवा बँकेचे आहेत. जीएसटीसाठी तुमची उलाढाल म्हणजे तुमचं कमिशन. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि महिन्याला ८ लाख फिरवून वर्षाला २० लाखांच्या वाटेवर जाणारं कमिशन मिळालं असतं तर मी हे उत्तर लिहीत बसलो नसतो.

यात दोन बारीक गोष्टी आहेत. बँकेच्या ग्रामीण शाखेतल्या खात्यांसाठी बीसीने दिलेली सेवा जीएसटीमधून माफ आहे, आणि त्या बीसीच्या हाताखालच्या मध्यस्थाची सेवाही. इथे तुमचं दुकान गावात आहे की शहरात हे बघायचं नसतं. खातं ज्या शाखेत आहे ती रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत ग्रामीण आहे का, हे बघायचं.

दुसरी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. करारात तुम्ही 'बीसीचे एजंट' असाल, तर १ जानेवारी २०१९ पासून तुमच्या कमिशनवरचा जीएसटी भरायची जबाबदारी बीसी कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. तुमचं सगळंच उत्पन्न अशा सेवांचं असेल तर २० लाख ओलांडले तरी नोंदणी लागत नाही. मात्र करारात 'बीसीचा एजंट' असे शब्द हवेत. 'रिटेलर' किंवा 'मर्चंट' लिहिलं असेल तर सीएला दाखवून घ्या.

११. माझी कंपनी परराज्यात आहे. राज्याबाहेर सेवा म्हणजे जीएसटी सक्तीचा, असं सीए म्हणाला.

राज्याबाहेर माल विकणाऱ्याला तो नियम आहे. सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सूट मिळाली ती ऑक्टोबर २०१७ मध्येच. बाकी प्र. १० प्रमाणे.

१२. माझं किराणा दुकान आहे, विक्री ३१ लाख. मालाला ४० लाखांपर्यंत सूट आहे ना? त्यात कमिशनचे फक्त ७० हजार.

इथे थांबा, कारण इथेच माणसं फसतात. ४० लाखांची सूट ही *फक्त माल* विकणाऱ्याला आहे. त्याच पॅनवर कमिशनची सेवा सुरू केली की तुम्ही 'फक्त माल'वाले राहत नाही आणि मर्यादा २० लाखांवर येते. विक्री ३१ लाख अधिक कमिशन ७० हजार, म्हणजे २० लाख कधीच ओलांडले. नियमाप्रमाणे नोंदणी करावी लागेल.

७० हजारांपायी अख्ख्या किराण्याचा जीएसटी अंगावर घ्यायचा का, हा हिशोब आयडी घेण्याआधी करा. काही जण केंद्र घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावाने, त्याच्या पॅनवर काढतात. ते चालतं, पण मग काउंटरवर खरोखर त्यानेच बसलं पाहिजे. नुसत्या नावापुरतं केलं तर प्र. १९ मधली अडचण येते.

१३. व्यवसाय कर म्हणजे तोच जीएसटी ना?

नाही. हा राज्याचा वेगळा कर आहे. स्वतःचा धंदा असणाऱ्याने पीटीईसी नावाची नावनोंदणी करायची आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे. आधीपासून नोंद असेल तर ३० जूनपर्यंत. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना माफ. कुणी आठवण करून देत नाही म्हणून बहुतेक केंद्रवाले भरत नाहीत, आणि कर्ज काढायला गेले की मागची थकबाकी व्याजासह समोर येते.

पगारी मुलगा ठेवलात तर त्याच्या पगारातून कापायचा कर वेगळा. त्यासाठी पीटीआरसी. महिन्याचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर काही नाही. महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे.

१४. कंपनी कमिशनमधून टीडीएस कापते. ते पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण रिटर्न भरलं तरच. कमिशनवर २ टक्के कापतात (१ ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ टक्के होते), आणि तेही वर्षाला एका कंपनीकडून २०,००० पेक्षा जास्त कमिशन झालं तर. पॅन दिलं नसेल तर २० टक्के. समजा वर्षाचं कमिशन ९६,००० झालं, तर १,९२० रुपये कापले गेले. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर शून्यावर येतो, त्यामुळे ते सगळे परत यायला हवेत. 'एवढ्यासाठी कोण रिटर्न भरतंय' म्हणून लोक दरवर्षी सोडून देतात. मागच्या वर्षांचं रिटर्न बँकेत कर्जाला लागतं, तेव्हा हळहळतात.

आता यातला फास. छोट्या धंद्यांना हिशोब न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवायची जी सोय आहे, जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी, ती कमिशन किंवा एजन्सीच्या उत्पन्नाला नाही. तिथे खरा जमाखर्च ठेवून आयटीआर-३ भरायचा. झेरॉक्सवाला मित्र 'सुगम' भरतो म्हणून तुम्ही भरू नका. किराणा आणि कमिशन दोन्ही असेल तर किराण्यापुरती ती सोय घेता येते का, यावर सीएंमध्येच दोन मतं आहेत. आपल्या सीएकडून लेखी घ्या. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने क्रमांक पाठ असतील तर गोंधळू नका.

१५. वर्षात एक कोटीवर रोख काढली म्हणून बँकेने २ टक्के कापले. हे कुठून आलं?

खात्यातून वर्षाला १ कोटीपेक्षा जास्त रोख काढली तर वरच्या रकमेवर २ टक्के टीडीएस लागतो. जुन्या आयकर कायद्यात मागची तीन वर्षं रिटर्न भरलेलं नसेल तर हे २० लाखांपासूनच सुरू व्हायचं. बँकेच्या बीसीला यातून सूट आहे. पण तुम्ही बीसी आहात हे खातं असलेल्या शाखेला आपोआप कळत नाही. नेमणूकपत्र आणि बँकेचं पत्र शाखेत देऊन खात्यावर तशी नोंद करून घ्या. प्र. १ मधला कागद इथे परत कामी आला.

१६. आधारवर पैसे काढून दिले की गिऱ्हाइकाकडून दहा-वीस रुपये घेतले तर चालतात का?

चालत नाहीत. बीसीने बँकेच्या सेवेसाठी ग्राहकाकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे आणि करारातही लिहिलेलं असतं. शुल्क लावायचं तर बँक लावेल. मनी ट्रान्सफरचं शुल्क वेगळं. ते कंपनीने ठरवलेलं असतं आणि पावतीवर छापून येतं, तेवढंच घ्या.

संजय गांधी निराधारचे पैसे काढायला आलेल्या आजीकडून वीस रुपये घेऊन वर 'अंगठा नीट लागला नाही, परत लावा' म्हणणारी माणसं या धंद्यात आहेत. त्यांच्यामुळेच बाकीच्यांचे नियम कडक झाले. पावती द्या. प्रिंटर नसेल तर आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

१७. एका माणसाचे किती पैसे पाठवता येतात? त्याला ४० हजार गावी पाठवायचेत.

खातं नसलेल्या, समोर येऊन रोख देणाऱ्या माणसाला एका वेळी ५,००० आणि महिन्याला २५,००० पाठवता येतात. ही मर्यादा २०११ पासूनची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याचा मोबाइल नंबर पडताळलेला हवा, स्वतः सही केलेलं ओळखपत्र हवं आणि प्रत्येक व्यवहाराला ओटीपीसारखी वेगळी खात्री हवी.

४० हजारांसाठी मेव्हण्याचा नंबर, मग दुकानातल्या मुलाचा नंबर, असं तोडून पाठवू नका. व्यवहाराची चौकशी झाली तर तीन नंबर आणि एकच काउंटर, हे सगळ्यात आधी दिसतं. त्याला बँकेत खातं उघडून द्या. गिऱ्हाईक टिकतं. 'डीएमटी (म्हणजे हेच मनी ट्रान्सफर) नको, पेआउटमधून मारा, लिमिट नाही' असं डिस्ट्रिब्युटर सांगेल. ती सेवा कोणत्या बँकेची आहे, हे त्याच्याकडून लेखी मागा. बहुधा फोन बंद होतो.

आधारवर काढायची मर्यादा एका व्यवहाराला १०,००० आहे.

१८. गिऱ्हाइकाने माझ्या क्यूआरवर पैसे टाकले आणि मी रोख दिली. यात काय नोंदवायचं?

नोंदवण्यासारखं काही नाही, कारण हे तुमच्या कुठल्याच करारात बसत नाही. दुकानाचा क्यूआर हा विक्रीचे पैसे घेण्यासाठी असतो.

माझ्याच काउंटरवरची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी स्टँडवर गर्दी होती. एक पोरगा आला, एटीएम बंद आहे म्हणाला, साडेनऊ हजार क्यूआरवर टाकले, वर माझे शंभर. मी रोख दिली. वीस-बावीस दिवसांनी सकाळी खातं उघडलं तर पैसे निघेनात. परराज्यातल्या कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक झाली होती आणि त्या पैशाचा एक तुकडा माझ्या खात्यातून गेला होता. गोठवलं साडेनऊ हजारांसाठी, पण अडकलं सगळं खातं, आणि त्यात दुसऱ्या दिवशीच्या काढण्याची रोख होती. शाखेत गेलो तर ते म्हणाले तिकडच्या पोलिसांना लिहा. तिकडे ईमेल केला तर आठवडाभर उत्तर नाही. अडीच महिने गेले.

सुटलो ते वहीमुळे. बायकोचा नियम होता, रोख दिली की नाव, नंबर आणि सही. त्या पानाचा फोटो, त्या वेळचा सीसीटीव्ही आणि व्यवहाराचा क्रमांक पाठवला तेव्हा गाडी हलली. तेव्हापासून क्यूआरवर घेऊन रोख देणं बंद. तुमचं अडकलंच तर घाबरून फोन बंद करू नका. शाखेकडून तक्रार क्रमांक आणि पोलिस ठाण्याचं नाव लेखी घ्या, आणि केंद्राचा करार जोडून उत्तर द्या. स्वतःची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

१९. आयडी माझ्या नावावर, पण बसतो पुतण्या. दुसऱ्या गावात तोच आयडी चालवू का?

दोन्ही नाही. आधारच्या कामाला रोज सुरुवातीला ऑपरेटरचा स्वतःचा अंगठा लागतो, तो यासाठीच. शिवाय ठिकाण नोंदवलेलं असतं आणि व्यवहार कुठून होतो त्यावर बँक लक्ष ठेवते. पुतण्याच बसणार असेल तर त्याचा वेगळा आयडी, त्याची परीक्षा, त्याची पडताळणी. पुतण्याने काही केलं तर 'मी नव्हतो' हे कुणी ऐकत नाही. अंगठा तुमचा आहे.

२०. बाळंतपणामुळे चार महिने केंद्र बंद होतं. आता आयडी चालत नाही.

रिझर्व्ह बँकेचे आधार व्यवहारांच्या ऑपरेटरबद्दलचे निर्देश २७ जून २०२५ ला आले आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. सलग तीन महिने एकही व्यवहार नसेल तर बँकेने तुमची केवायसी परत केल्याशिवाय काम सुरू होत नाही. कागद घेऊन कंपनीला कळवा, नवा आयडी विकत घेऊ नका. याच निर्देशांप्रमाणे नवीन ऑपरेटर घेतानाही बँकेने पूर्ण पडताळणी करायची आहे, म्हणून 'अर्ध्या तासात आयडी' आता संशयास्पद समजा.

२१. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात. तिकडून येणारे पैसे रोख देता येतील का?

रत्नागिरी-चिपळूणकडून हा प्रश्न नेहमी येतो. त्याला वेगळी योजना आहे, मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम. त्यात रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेला भारतीय एजंट तुम्हाला उप-एजंट नेमतो. आपला नेहमीचा करार त्यासाठी पुरत नाही. पैसे फक्त येऊ शकतात, पाठवता येत नाहीत. एका वेळी २,५०० डॉलर, एका माणसाला वर्षातून ३० वेळा, आणि रोख ५०,००० रुपयांपर्यंतच, वरचे खात्यात. 'तिकडे दिनार घेतो, इथे तू रुपये दे' ही हवाला आहे. पाहुण्यांमध्ये केली तरी.

२२. मी स्वतःचं अ‍ॅप काढून खाली एजंट नेमले तर?

अ‍ॅपमध्ये लोकांचे पैसे शिल्लक म्हणून ठेवलेत की तुम्ही प्र. १ मधल्या 'सिस्टिम'मध्ये आलात. बँक नसलेल्या कंपनीला वॉलेटच्या परवान्यासाठी अर्जाच्या वेळी ५ कोटींचं नक्त मूल्य लागतं, पेमेंट अ‍ॅग्रिगेटरला (दुकानदारांसाठी गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून देणारी कंपनी) १५ कोटी. परवान्याशिवाय चालवलं तर किमान एक महिना ते दहा वर्षं कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानाधारक कंपनीचा डिस्ट्रिब्युटर होणं वेगळं, तिथे पैसा कंपनीच्या खात्यात राहतो.

२३. 'रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त एजंट प्रमाणपत्र' १२ हजारांत मिळतंय. घेऊ का?

नका घेऊ. असं प्रमाणपत्रच नसतं. अशी जाहिरात रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर कळवा.

२४. धंदा बंद करायचाय. शटर लावलं की झालं ना?

शटर लावल्यावर पीटीईसी थांबत नाही. रद्द केल्याशिवाय दरवर्षी २,५०० चढत राहतात. ते आधी रद्द करा. शॉप अ‍ॅक्टमध्ये बंद केल्याची सूचना ऑनलाइन द्या. जीएसटी घेतला असेल तर रद्द करून तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरा. कंपनीकडून वॉलेटमधली शिल्लक आणि अनामत परत घ्या आणि आयडी बंद केल्याचं पत्र मागा, नुसता व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'ओके सर' नको. पाटी उतरवा. वही मात्र टाकू नका. केंद्र बंद केल्यावर दीड वर्षाने एका ओळखीच्या माणसाला एका जुन्या व्यवहाराबद्दल पोलिस ठाण्यातून फोन आला, आणि त्याने वह्या रद्दीत घातल्या होत्या.